‘पंपाची सवय लागेल का?’ : वाघोलीच्या एका आईला उत्तर

पुण्याच्या वाघोलीहून एका आईने दोन पानांचे पत्र पाठवले आहे. त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा असून चौथीत शिकतो. तीन वर्षांपूर्वी हे कुटुंब अहिल्यानगर जिल्ह्यातील एका खेड्यातून नगर रस्त्याजवळच्या एका गृहसंकुलात राहायला आले. गावी असताना मुलाला वर्षातून एखादी सर्दी होत असे. आता गणपती उठले की सकाळी सलग दहा-पंधरा शिंका येतात, नाक आणि डोळे खाजतात, दिवाळीच्या सुमारास रात्रीचा खोकला सुरू होतो आणि छाती वाजू लागते. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या रात्री धाप लागल्यामुळे त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. डॉक्टरांनी दोन इनहेलर लिहून दिले. पण ‘पंप एकदा तोंडाला लागला की जन्मभर सुटत नाही’ असे सासूबाईंचे म्हणणे पडले आणि मुलालाही बरे वाटू लागले होते, म्हणून दोन महिन्यांनी रोजचा पंप बंद केला. दही, केळी, काकडी आणि पेरूही बंद केले आहेत. या आईचे प्रश्न असे आहेत : हे हवेमुळे होते आहे की आमच्याच काही चुकीमुळे? मुलाला काही वर्षे गावी आजी-आजोबांकडे ठेवावे का? हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यावे का? मेलबर्नला राहणाऱ्या माझ्या भावालाही दोन वर्षांपासून असेच नाक वाहण्याचा त्रास सुरू झाला आहे, तेव्हा हे आमच्या घराण्यातच आहे का? पत्राच्या तळाशी मुलाने स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली आहे, तिचे उत्तर मी शेवटी देणार आहे.

सप्रेम नमस्कार.

तुम्ही विचारलेल्या क्रमाने न जाता मी आधी पंपाविषयी लिहितो, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत काळजीची गोष्ट तीच आहे आणि दिवाळी जवळ आली आहे. तुम्हाला दिलेल्या दोन इनहेलरची कामे पूर्णपणे वेगळी आहेत. दमा म्हणजे केवळ श्वासनलिका आवळणे नव्हे; त्या नलिकांच्या आतील अस्तराला सतत असलेली सूज हे त्याचे मूळ आहे, आणि मूल हसत-खेळत असते तेव्हाही ती सूज पुष्कळदा असते. शेतीच्या घरातून आला आहात म्हणून पाटाचे उदाहरण देतो. निळ्या रंगाचा, तातडीचा पंप हा पाटाचे दार वर ओढल्यासारखा असतो : पाणी लगेच वाहते, काही तास वाहते, पण तळाचा गाळ तसाच राहतो. तो गाळ काढण्याचे काम रोज घ्यावयाचा दुसरा पंप करतो, ज्यात अत्यल्प प्रमाणात स्टेरॉइड असते. हे काम हळूहळू, आठवड्यांच्या हिशेबाने होते, आणि म्हणूनच ‘त्याने लगेच काही फरक पडत नाही’ असे वाटून सगळ्यात आधी बंद होतो तो हाच पंप.

स्टेरॉइड या शब्दाची धास्ती मला समजते, आणि सासूबाईंनाही ती नातवाच्या काळजीपोटीच वाटते. म्हणून हिशेब मांडून दाखवतो. या वयाच्या मुलांना रोजच्या इनहेलरमधून साधारणपणे दिवसाला १०० ते २०० मायक्रोग्रॅम औषध दिले जाते. झटका आला की रुग्णालयात तोंडाने जे स्टेरॉइड द्यावे लागते, त्याची मात्रा २५ किलो वजनाच्या मुलासाठी दिवसाला २५ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असते. २५ मिलिग्रॅम म्हणजे २५,००० मायक्रोग्रॅम. दोन्ही औषधे एकसारखी नाहीत, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही. तरीही स्टेरॉइडच्या भीतीने रोजचा पंप बंद करणाऱ्या घरातच स्टेरॉइडची मोठी मात्रा देण्याची वेळ येते, हे मी माझ्या दवाखान्यात वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. रोजच्या पंपाचा दुष्परिणाम अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. अमेरिकेत अनेक वर्षे चाललेल्या एका मोठ्या अभ्यासात असा पंप चार ते सहा वर्षे घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची इतरांपेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली होती. तोंडात बुरशीचे पांढरे डागही पडू शकतात, म्हणून पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरायची आणि पंप नेहमी स्पेसरमधून, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायच्या पोकळ नळीतून, घ्यायचा. दीड सेंटिमीटरदेखील नसलेली उंची एका बाजूला आणि लक्ष्मीपूजनाची ती रात्र दुसऱ्या बाजूला ठेवून सासूबाईंशी बोला. जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात, आणि या तफावतीमागे रोजचा पंप न घेणे किंवा मध्येच सोडणे हे एक प्रमुख कारण आहे.

सवय लागण्याविषयी इतकेच सांगतो की या औषधाचे व्यसन लागत नाही. ते बंद केल्यावर त्रास परत येतो, कारण सूज परत येते. सुमारे तीन महिने मूल पूर्ण ठीक राहिले की डॉक्टर मात्रा कमी करत नेतात. मात्र ही उतरण धूर आणि परागकण यांचा काळ टाळून करायची असते. तुमच्याकडे पंप बंद झाला तो रुग्णालयातून आल्यावर दोन महिन्यांनी, म्हणजे जानेवारीच्या ऐन थंडीत, आणि तोही कोणाला न विचारता. या आठवड्यातच त्याच डॉक्टरांकडे जा आणि पंप मध्ये बंद केला होता हे न संकोचता सांगा. ते न सांगितल्यास औषध घेऊनही गुण आला नाही असा त्यांचा समज होईल आणि ते नको तितके वाढवतील. येताना त्यांच्याकडून एका कागदावर लेखी आराखडा मागून घ्या : रोज काय द्यायचे, खोकला वाढला तर काय आणि किती वेळा द्यायचे, आणि कोणत्या वेळी घरी न थांबता निघायचे. बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा निळ्या पंपाचा परिणाम चार तासही टिकत नसेल, तर पंप देत देत रुग्णालय गाठायचे किंवा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवायची. गरम पाण्याची वाफ हा दम्यावरचा उपाय नाही; उलट पातेले उलटून भाजलेली मुले मी पाहिली आहेत.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. तुमची चूक नाही, हे सौजन्यापोटी म्हणत नाही. ॲलर्जीचा कल मूल जन्मतःच घेऊन येते. तो कल आजाराचे रूप केव्हा आणि किती तीव्रतेने घेतो, हे पुष्कळ अंशी त्याच्या भोवतालची हवा ठरवते, आणि तुमच्या मुलाच्या भोवतालची हवा तीन वर्षांपूर्वी पूर्ण बदलली. नाक आणि फुप्फुस या दोन वेगळ्या खोल्या नसून एकाच ओसरीची दोन टोके आहेत. दम्याच्या बहुसंख्य रुग्णांना नाकाची ॲलर्जीही असते. म्हणूनच सप्टेंबरातील शिंका आणि नोव्हेंबरातील धाप हे दोन आजार नसून एकच गोष्ट पुढे सरकते आहे, आणि दिवाळीची तयारी करायची ती गणपतीतच.

सप्टेंबरात काय होते, ते पाहू. पावसाळा सरता सरता गवते फुलावर येतात, आणि त्यांच्याबरोबर मोकळ्या प्लॉटांवर, रस्त्याच्या कडेला आणि बांधकामाच्या राडारोड्यावर फुलते ते गाजर गवत, ज्याला आपल्याकडे काँग्रेस गवतही म्हणतात. अमेरिका खंडातून आलेल्या या तणाची भारतातील सुरुवातीची ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्याच्या संपर्काने होणाऱ्या त्वचारोगाने पुणे परिसरातील कितीतरी माणसांना हैराण केले. त्वचेच्या त्रासासाठी ते बदनाम झाले, पण त्याचे परागकण नाकाला आणि श्वासनलिकांनाही त्रास देतात. (जाता जाता सांगतो : शेजारी ज्या गुलमोहराकडे बोट दाखवतात, तो बहुधा निर्दोष असतो. ठळक, रंगीत फुलांचे पराग जड असतात आणि ते कीटक-पक्षी वाहून नेतात. त्रास देतात ती बहुतेक वाऱ्यावर पराग सोडणारी, कोणाच्या डोळ्यांत न भरणारी फुले.)

याच गाजर गवताच्या कुळात, म्हणजे सूर्यफुलाच्या कुळात, अमेरिकेतील रॅगवीड नावाचे तण येते, आणि हवामानबदलाचा ॲलर्जीशी असलेला संबंध सर्वांत स्पष्टपणे दिसला तो त्याच्यावर. हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण औद्योगिक क्रांतीपूर्वी दहा लाख भागांत सुमारे २८० होते. तितक्या हवेत वाढवलेल्या रॅगवीडच्या तुलनेत विसाव्या शतकाच्या अखेरच्या ३७० भागांच्या हवेत वाढवलेल्या झाडाने जवळजवळ दुप्पट पराग तयार केले, आणि ६०० भागांच्या हवेत ते पुन्हा सुमारे दुपटीने वाढले. आज आपण ४२० च्या पुढे गेलो आहोत. उत्तर अमेरिकेत १९९० ते २०१८ या काळातील नोंदी तपासल्या, तेव्हा परागकणांचा हंगाम सुमारे वीस दिवस आधी सुरू होऊ लागल्याचे आणि परागकणांचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. हे आकडे जसेच्या तसे पुण्याला लावू नयेत असे माझे मत आहे, कारण तिकडे परागांचा हंगाम थंडी ठरवते आणि आपल्याकडे पाऊस. परंतु गाजर गवतही वाढत्या कार्बन डायऑक्साइडमध्ये अधिक जोमाने वाढते, हे प्रयोगांत दिसले आहे, आणि पाऊस लांबला की त्याला ओल आणखी काही आठवडे मिळते, हे तुम्ही तुमच्या गॅलरीतून शेजारच्या प्लॉटवर पाहतच असाल.

नुसते पराग तुमच्या गावीही होते, बहुधा इथल्याहून अधिकच होते, मग मूल इथेच का आजारी पडले? मला वाटते, तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. लॉस एंजेलिसमधील संशोधकांनी १९९० च्या दशकात रॅगवीडची ॲलर्जी असलेल्या स्वयंसेवकांच्या नाकात एकदा नुसते परागद्रव्य आणि एकदा डिझेलच्या धुरातील कणांसह परागद्रव्य सोडले. धुराच्या कणांसह दिल्यावर ॲलर्जी घडवणारी, नेमकी रॅगवीडविरुद्धची प्रतिपिंडे कित्येक पटींनी वाढली. म्हणजे धूर हा परागाच्या शेजारी उभा असलेला दुसरा त्रास नसून, परागाला अधिक विखारी करणारा त्याचा साथीदार आहे. धुरातील अतिसूक्ष्म कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, हे केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाइतके असतात. ते श्वासनलिकांच्या अस्तराची वीण सैल करतात आणि ॲलर्जीकारक द्रव्यांना आत वाट मिळते. उन्हाळ्यात वाहनांच्या धुरातील वायूंवर कडक उन्हाची क्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो, आणि उष्णता वाढते तसा तोही वाढतो. त्यानेही अस्तर हुळहुळे होते आणि मग पूर्वी सोसलेली परागांची मात्रा सोसेनाशी होते. नगर रस्त्याची अवजड वाहने, वाघोलीच्या खाणी आणि खडी क्रशर, सभोवतालची बांधकामे आणि शेजारच्या प्लॉटवरचे गाजर गवत, हे सगळे तुमच्या मुलाने तीन वर्षे एकाच श्वासात घेतले आहे.

थंडीत भर पडते ती हवेच्या थरांची. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार होऊन खाली बसते आणि तिच्यावर तुलनेने ऊबदार हवेचे झाकण तयार होते. वारा मंदावलेला असतो, त्यामुळे रात्रीचा धूर, शेकोट्यांचा धूर आणि फटाक्यांचा धूर ऊन चढेपर्यंत तिथेच घुटमळतो. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पहाटेची जी हवा आपण ‘ताजी’ समजतो, ती दिवसातील सर्वांत वाईट हवांपैकी असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ हे ॲप किंवा पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ‘सफर’ ही सेवा पाहण्याची सवय लावा, परंतु तिथला शब्द वाचून निश्चिंत होऊ नका. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक ५१ ते १०० असताना हवा ‘समाधानकारक’ म्हटली जाते. त्या वेळी पीएम २.५ कण घनमीटरमागे ३१ ते ६० मायक्रोग्रॅम असू शकतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली घालून दिलेली चोवीस तासांची मर्यादा १५ ची आहे. निरोगी प्रौढासाठी समाधानकारक असलेली हवा दमा असलेल्या मुलासाठी तशी असेलच असे नाही; त्याच्या स्वतःच्या खोकल्याची नोंद आकड्याशेजारी लिहीत गेलात, तर त्याची मर्यादा कोणती हे महिन्याभरात तुम्हालाच कळेल.

घरात काय करावे, याचा विचार करताना बाहेरच्या धुराच्या रागात आपण आतला धूर विसरतो. तुम्ही लिहिले आहे की डासांमुळे रात्री मुलाच्या खोलीत कॉइल लावता. एका प्रसिद्ध अभ्यासात एक कॉइल पूर्ण जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५ कण बाहेर पडतात असे आढळले होते. दार लावून झोपलेल्या मुलाच्या उशाशी हे रात्रभर चालू असते. माझ्या यादीत पंपानंतरचे दुसरे काम हेच आहे : कॉइल आजपासून बंद, खिडक्यांना जाळी आणि पलंगाला मच्छरदाणी. देवापुढची उदबत्ती आणि धूप यांविषयी मी कोणाच्या श्रद्धेला हात लावू इच्छित नाही. निरांजन किंवा समई लावून, उदबत्ती मूल घरात नसताना आणि खिडकी उघडी ठेवून लावता येईल, आणि सासूबाई नातवासाठी हे नक्की मान्य करतील. झाडूने धूळ उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. उशा-गाद्यांना कडक ऊन द्यावे, चादरी आठवड्याला गरम पाण्यात धुवाव्यात, कारण गादीतील धूळकिडे हे आपल्याकडच्या ॲलर्जीचे फार मोठे कारण आहे आणि दमट हवेत ते फोफावतात.

दमटपणाचा विषय निघालाच आहे, तर तुम्ही ओझरत्या एका वाक्यात उल्लेखलेल्या भिंतीविषयी लिहितो. शयनगृहाच्या भिंतीला गेल्या दोन पावसाळ्यांत ओल आली आणि कोपऱ्यात काळे ठिपके आले, असे तुम्ही म्हणता. ती बुरशी आहे, आणि तिचे बीजाणू श्वासातून जातात. पुण्याच्याच वर उल्लेखलेल्या हवामानशास्त्र संस्थेच्या नेतृत्वाखाली झालेल्या अभ्यासात १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्याचे दिसले. थोड्या वेळात कोसळणारा असा पाऊस आपल्या इमारतींच्या भिंती झेलू शकत नाहीत. त्यावर रंगाचा हात देऊन काही होणार नाही. गळती बाहेरून बुजवावी लागेल, आणि तोवर मुलाचा पलंग त्या भिंतीपासून किंवा शक्य असल्यास त्या खोलीतूनच हलवा. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राचे उत्तरही इथेच देतो. ज्यात हेपा (अतिबारीक कण अडवणारी) गाळणी आहे आणि खोलीच्या आकाराला पुरेल इतकी क्षमता आहे, असे यंत्र बंद खोलीत कणांचे प्रमाण खरोखर कमी करते. ओझोन सोडणारी यंत्रे मात्र दम्याच्या घरात आणू नयेत. तरीही तुमच्या ठिकाणी मी असतो, तर आधी औषध, स्पेसर, मच्छरदाणी आणि ती भिंत यांवर पैसा खर्च केला असता, आणि त्यातून उरला तर यंत्राचा विचार केला असता.

खाण्यापिण्यावरची बंदी कृपया उठवा. दही, केळी, काकडी यांनी दमा होत नाही. एखादा पदार्थ खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात किंवा उलटी होते, असे दर वेळी घडत असेल तर तो पदार्थ तपासावा. एरवी वाढत्या वयाच्या मुलाचे ताट रिकामे करू नये. शेकडो पदार्थांची यादी देणाऱ्या रक्ततपासण्यांच्या मागे लागू नका; गरज वाटली तर ॲलर्जीतज्ज्ञांकडे त्वचेवरची चाचणी करावी, आणि तिचा अर्थ मुलाच्या लक्षणांशी जुळवूनच लावावा. तुम्ही पाठवलेल्या औषधांच्या यादीत मॉन्टेल्युकास्ट हे दमा आणि ॲलर्जीसाठी तोंडाने घ्यायचे औषध आहे. त्याने काही मुलांना भयानक स्वप्ने पडणे, चिडचिड किंवा उदासी असे त्रास होतात आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली त्याविषयी ठळक इशारा दिला आहे. असा बदल दिसला तर तो स्वभाव समजू नका, डॉक्टरांना कळवा.

मुलाला गावी ठेवावे का, या प्रश्नाला मी सहज ‘नाही’ म्हणत नाही, कारण त्यामागची तुमची तगमग मला दिसते. पण गावची हवा म्हणजे आपोआप चांगली हवा असे राहिलेले नाही. तुमच्या पत्रावरून घरी अजून चुलीवर स्वयंपाक होतो, आणि ऊसतोडीनंतर शिवारात पाचट पेटवले जाते; चुलीचा धूर फुप्फुसाला वाहनांच्या धुराइतकाच घातक असतो. दमा असलेले मूल आईवडिलांपासून आणि रुग्णालयापासून दूर ठेवण्याचा धोका वेगळाच. सुट्टीत त्याला अवश्य पाठवा, दोन्ही पंप आणि स्पेसर पिशवीत घालून पाठवा, आणि आजीने चूल पेटवली की त्याने अंगणात खेळावे.

तुमच्या भावाविषयी मात्र मी तातडीने लिहितो, कारण मेलबर्नची गोष्ट वेगळी आहे. २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी त्या शहरावर वादळ आले आणि काही तासांत हजारो माणसे श्वास घेता येत नाही म्हणून रुग्णालयांत पोहोचली. दहा जणांचा मृत्यू झाला. तिथल्या रायग्रास नावाच्या गवताचे पराग वादळी हवेत ओल शोषून फुटतात, त्यांचे अगदी बारीक तुकडे होतात आणि वादळापुढच्या झोताबरोबर जमिनीलगत येतात. अखंड पराग नाकातच अडकतो, हे तुकडे थेट फुप्फुसात जातात. त्या संध्याकाळी त्रास झालेल्यांपैकी अनेकांना पूर्वी दम्याचे निदान झालेले नव्हते, फक्त नाक वाहण्याचा त्रास होता, आणि त्यांत भारतीय व आशियाई वंशाच्या लोकांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने लक्षणीयरीत्या अधिक होते. भारतात कधी न शिंकलेल्या माणसाला तिथे काही हंगाम काढल्यावर त्या गवताची ॲलर्जी जडते, हे तुमच्या भावाच्या बाबतीत जुळते. त्याने आजच आपल्या डॉक्टरांना दाखवून दम्याची तपासणी करून घ्यावी, ऑक्टोबर ते डिसेंबर तातडीचा पंप जवळ बाळगावा, आणि व्हिक्टोरिया राज्याकडून या काळात जाहीर होणारा वादळी दम्याचा अंदाज पाहून धोक्याच्या दिवशी वादळाआधीच खिडक्या लावून घरात थांबावे. कल तुमच्या घराण्यात असेलही; पण मामा आणि भाचा दोघेही आपापल्या नव्या गावची हवा लागून आजारी पडले आहेत.

तुमच्या संकुलामागच्या काँक्रीट प्रकल्पाविषयी तुम्ही लिहिले आहे की रात्री तिथून धूळ येते आणि तक्रार करून उपयोग होत नाही. लंडनमध्ये वर्दळीच्या रस्त्याजवळ राहणारी एला किस्सी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी फेब्रुवारी २०१३ मध्ये दम्याने गेली. तिचा दमा अत्यंत तीव्र प्रकारचा होता, तुमच्या मुलाचा तसा नाही, त्यामुळे हे वाचून घाबरू नका. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या मृत्यूचौकशीत वायुप्रदूषण हे तिच्या मृत्यूच्या कारणांत अधिकृतपणे नोंदवले गेले, आणि हवेतील धोक्याची माहिती तिच्या आईला कोणी दिलीच नव्हती, हेही तिथे पुढे आले. ही गोष्ट कळल्यापासून मी प्रत्येक दमेकरी मुलाच्या कागदावर घराचा आणि शाळेचा पत्ता, जवळचा रस्ता आणि जवळची धूळ लिहितो. तुमच्या डॉक्टरांनाही तसे लिहायला सांगा. मग त्या नोंदी, धुळीची वेळ दाखवणारी छायाचित्रे आणि सोसायटीतील इतर मुलांच्या त्रासाची माहिती एकत्र करून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि महापालिकेकडे लेखी अर्ज द्या, आणि पोच घ्या. एकट्या आईच्या फोनपेक्षा चाळीस घरांच्या सहीचा अर्ज टाळणे अवघड असते. शेजारच्या प्लॉटवरचे गाजर गवत पुढच्या वर्षी फुलण्याआधी, ऑगस्टमध्येच मुळासकट उपटून घ्या, हातमोजे घालून. तुमच्या मुलाने त्या कामात नसावे.

आता त्या शेवटच्या ओळीचे उत्तर.

बाळ, तू लिहिले आहेस, ‘मला दिवाळीच्या सुट्टीत क्रिकेटच्या शिबिराला जायचे आहे, पण आई नको म्हणते.’ तू शिबिराला जावेस असे मला वाटते. मात्र त्याआधी तीन-चार आठवडे सकाळ-संध्याकाळ रोजचा पंप न चुकता घ्यायचा, आणि डॉक्टरांनी तुझी छाती तपासून ‘हो’ म्हटले पाहिजे. सरांना सांगून सकाळी साडेसहाची तुकडी बदलून घे आणि ऊन चढल्यावरच्या, नऊ-साडेनऊच्या तुकडीत जा, कारण तोवर खाली बसलेला धूर थोडा वर गेलेला असतो. निळा पंप आईच्या पर्समध्ये नको, तुझ्याच किटमध्ये हवा, आणि तो कसा द्यायचा हे सरांना आणि तुझ्या एका मित्राला दाखवून ठेव. धावण्याआधी पंप घ्यायचा की नाही, हे डॉक्टरांना विचारून घे. पळताना खोकला आला तर लपवायचे नाही, बाजूला बसायचे, पंप घ्यायचा, आणि बरे वाटले की पुन्हा मैदानात उतरायचे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री खिडक्या लावून घरात थांब. काळा साप निघणारी नागगोळी हातात धरण्याइतकी साधी दिसते, पण पुण्यात फटाक्यांचा धूर मोजला गेला तेव्हा सर्वांत जास्त बारीक कण तिच्यातूनच निघाले होते. ती यंदा आणू नकोस, आणि खालच्या मजल्यावरच्या मित्रांनाही हे सांग.